चव्वेचाळीसच्या वर

आमच्या घरात मे महिन्यात आभाळात ढग दिसला तरी आनंद करायची चोरी आहे. सगळी गल्ली अशा वेळी गच्चीवर येऊन मान वर करते, शेजारीण भिंतीवरून ओरडते, "आलं वं बाई आभाळ, सुटलो!" आणि मी कुरड्या उलटवत असल्याचं सोंग करून गप्प बसते. कारण खाली कूलरसमोर माझा नवरा फोन हातात धरून बसलेला असतो आणि त्या ढगानं त्याचा दिवस बुडवलेला असतो. तोंड असं पाडून बसतो, की नवख्या माणसाला वाटावं या घरात कोणीतरी गेलं.

चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते. लिहिताना करणार नाही. दुसऱ्यांच्या पोरांचं शुद्धलेखन तपासण्यात माझी नोकरी संपली. आता निदान स्वतःच्या कागदावर तरी मनासारखं लिहीन म्हणते.

तो कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याकडे कामाला होता. संत्र्यांचा ट्रक खाली झाला की ढिगाकडे एक नजर टाकायचा आणि माल किती भरेल, भाव कुठवर जाईल हे सांगायचा. बहुतेक वेळा त्याच्या आसपासच निघायचं. त्या नजरेचा त्याला भारी अभिमान. मलाही होता, खोटं कशाला बोलू? पण अडत्याच्या मुलानं कारभार हाती घेतला, जुनी माणसं एकेक करून कमी केली, आणि ती नजर घरी येऊन बसली. घरात अंदाज करण्यासारखं काय असतं? सिलिंडर कधी संपेल आणि नळ कधी येईल. त्यात त्याचा जीव रमेना. मग तो जरीपटक्याच्या एका पानठेल्यावर जाऊन उभा राहू लागला, सकाळीही आणि संध्याकाळीही.

नागपूरच्या माणसाला उन्हाचा वैताग येतो, असं बाहेरच्यांना वाटतं. साफ चूक. वैताग येतो तो बायकांना, कारण चुलीपुढे त्या उभ्या असतात. पुरुषांना उन्हाचा गर्व असतो. पुण्याचा पाहुणा आला आणि घाम पुसत "बाप रे, चाळीस!" म्हणाला, की ठेल्यावरचे सगळे एकमेकांकडे बघून हसणार. "चाळीस म्हणजे काही ऊन आहे का गा? चाळीसमधे आमच्याकडे लग्नाची वरात निघते." बेचाळीसच्या खाली आमच्याकडे उन्हाळा धरतच नाहीत. तेवढ्या आकड्याला कोणी आजारी पडलं, तर त्याच्या तब्येतीपेक्षा त्याच्या नागपूरकर असण्यावरच शंका घेतात. माझा नवरा या सगळ्यांचा म्होरक्या. रोज संध्याकाळी तिथे पैज लागायची, उद्याच्या पेपरात आकडा किती येतो त्याची. हरणाऱ्यानं तर्री-पोहे खिलवायचे. तेवढ्याला माझी काही हरकत नव्हती.

मग कोणीतरी तो फोनवरचा बाजार आणला. रोज सकाळी तिथे एक प्रश्न टांगलेला असतो. नागपूरचं आजचं कमाल तापमान चव्वेचाळीसच्या वर जाईल का? जाईल वाटलं तर 'हो' विकत घ्यायचं, नाही वाटलं तर 'नाही'. दिवसभर दोन्हींचा भाव हलत राहतो. ऊन तापलं की 'हो' महागतं, आभाळ आलं की 'नाही'. संध्याकाळी सरकारी आकडा लागला की एकाचे पैसे होतात आणि दुसऱ्याचा कचरा. दिवस पाहून प्रश्न कधी त्रेचाळीसचा असतो, कधी पंचेचाळीसचा.

"हा सट्टा आहे," मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"सट्टा नाही वं. सट्ट्यात डोकं लागत नाही," तो म्हणाला. "हा अंदाजाचा बाजार आहे. कुठले कुठले पोट्टे एसीत बसून नागपूरच्या उन्हावर लावून राहिले. त्याइले काय समजते? मी तर इथंच भाजलो."

मध्यंतरी सरकारनं असल्या खेळांवर बंदी आणली, तेव्हा मी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. महिन्याभरात ठेल्यावरच्याच कोणीतरी बाहेरदेशातलं दुसरं ॲप याच्या फोनमध्ये टाकून दिलं. पुन्हा सुरू.

पैशाचं म्हणाल तर फार गेले नाहीत आणि फार आलेही नाहीत. गेले असते तर बरं झालं असतं. नवऱ्यानं पैसे उडवले म्हणून बाई भांडली तर ते सगळ्यांना कळतं, चार माणसं तिच्या बाजूनं बोलतात. माझं भांडण मी कुणाला समजावून सांगू? माझा नवरा ऊन वाढावं म्हणून जीव टाकतो, एवढंच माझं म्हणणं. आणि तो कायम 'हो'च घेतो. 'नाही' मी त्याला कधी घेताना पाहिलं नाही. 'नाही' घेणं म्हणजे नागपूरच्या उन्हावर अविश्वास दाखवणं. सगळं शहर सकाळी उठून आज जरा कमी तापू दे म्हणतं, आणि माझ्या घरातला एक माणूस उलटं म्हणत असतो.

मी एकदा त्याला शाळेतला धडा ऐकवला. तापमापक सावलीत ठेवतात, मोकळ्या मैदानात, जमिनीपासून उंच, वारा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत. "तुमचा तो आकडा त्या पेटीतला आहे," म्हटलं. "आपल्या स्लॅबखालचा नाही."

"आकडा तो आकडाच असते," तो म्हणाला आणि फोनमध्ये डोकं घातलं.

आमची एकुलती एक लेक नाशिकला दिलेली आहे. गेल्या वर्षी ती गरोदर होती आणि बाळंतपण जूनमध्ये येणार होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडेही आहे आणि त्यांच्याकडेही. पण विहीणबाई समजूतदार. मार्चमध्येच त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "राग मानू नका, पण तिला मी इथेच ठेवते. मे महिन्यात नागपूर म्हणजे तिला झेपायचं नाही. तुम्हीच दोन महिने इकडे या." मी तर मनातल्या मनात बॅग भरूनसुद्धा ठेवली. नाशिकची संध्याकाळची हवा मला ठाऊक होती.

हे ऐकत नवरा बाजूलाच बसला होता. त्यानं हात पुढे करून फोन मागून घेतला.

"विहीणबाई, तुम्ही चिंता नका करू," तो म्हणाला. "यंदा उन्हाळा नरम आहे. मी रोज पाहून राहिलो ना. बेचाळीसच्या वर जात नाही, लिहून घ्या माझ्याकडून. पोरीचं पहिलं बाळंतपण आहे, ते माहेरीच झालं पाहिजे."

माझ्या लेकीचं आणि तिच्या बाळाचं पुढं काय व्हायचं ते त्या एका वाक्यावर ठरलं. नाशिकच्या लोकांना वाटलं, हा माणूस यातला जाणकार आहे, रोजचा अभ्यास आहे त्याचा. जावई तर खरोखरच्या आदरानं म्हणाले, "बाबा म्हणतात म्हणजे असेल." तरी त्यांनी विचारलं, की तिच्या खोलीत लावायला एक एसी पाठवून देऊ का. यानं फोन ठेवल्यावर मला सुनावलं, "नागपूरच्या पोरीले एसी? कूलरपुढं लहानाची मोठी झाली ती. अन् जावयाच्या एसीत लेकीचं बाळंतपण करू का मी? लोक काय म्हणतील?"

"मग आपण घेऊ," मी म्हटलं.

"नरम आहे म्हणून सांगितलं ना एकदा!"

डोहाळजेवण करून आम्ही लेकीला घेऊन आलो. एप्रिल खरंच नरम गेला. त्यानं तो असा मिरवला, की जणू एप्रिल यानंच घडवला होता. नाशिकला रोज फोन, रोज आकडा. एक मात्र सांगितलं पाहिजे, त्या काळात त्यानं लेकीसाठी काही कमी केलं नाही. कूलरला नव्या ताट्या बसवल्या, वाळ्याच्या, महागातल्या. सकाळ-संध्याकाळ बादलीनं कूलरची टाकी भरायचा आणि मला हात लावू द्यायचा नाही. ताडगोळे आणायचा, शहाळी आणायचा, टरबूज थाप मारून निवडून आणायचा. लेक कॉटवर पाय लांब करून बसायची आणि त्याची थट्टा करायची.

"आज काय लावलं, बाबा?"

"आज त्रेचाळीस लावलं."

"हारलात तर?"

"हारलो तर तुले थंडं वाटन. जिंकलो तर तुले शहाळं."

दोघं हसायची. मीही हसायची. तेव्हा त्यात हसण्यासारखं होतं.

मेमध्ये पारा चढत गेला. मार्चमध्ये विहिणीला बेचाळीसची हमी देणारा हा माणूस आता रोज चव्वेचाळीसच्या वर 'हो' घेऊन बसू लागला. मी एकदा तोंडावर विचारलं, "तुम्ही त्याइले काय सांगितलं होतं? अन् आता काय मागून राहिले?" तर म्हणाला, "ते मार्चमधलं होतं वं. अंदाज बदलते." अंदाज बदलला, हे नाशिकला मात्र त्यानं कळवलं नाही. तिकडचा फोन आला की "सब ठीक आहे" म्हणायचा. मी सांगायला गेले तर लेकच मला डोळ्यांनी दटावायची. बापाचा शब्द सासरी खाली पडू नये म्हणून ती पोर त्या स्लॅबखाली गुपचूप भाजत होती, आणि बापाला ते दिसत नव्हतं.

बुद्ध पौर्णिमेला विहारात खीरदान होतं. लेकीला घरी ठेवून मी एकटीच गेले. खीर वाढता वाढता एक म्हातारी मला म्हणाली, "पोरीले सांभाळ वं बाई, नवतपा येऊन राहिला." नवतपा म्हणजे मेच्या शेवटाचे ते सगळ्यात तापायचे दिवस. ते आमच्याकडे सणासारखे पाळतात. नवतपा तापला तर पाऊस चांगला, म्हणून तो तापलाच पाहिजे असं म्हाताऱ्याकोताऱ्यांना वाटतं. आमच्या ठेल्याला ते वेगळ्याच कारणानं वाटत होतं. ज्याला त्याला माहीत, की नवतप्यात 'हो' बुडत नाही.

सुरुवातीचे दिवस त्यांच्या मनासारखे गेले. पंचेचाळीस. कोरडं, भाजणारं, पण कूलर मन लावून चालत होता. कोरड्या हवेत कूलरसारखं सुख नाही, खोली गार पडते, वाळ्याचा वास येतो, माणूस झोपू शकतो. लेक झोपायची. पाय सुजले होते, तोंड उतरलं होतं, पण झोपायची.

मग एका पहाटे चार थेंब पडले. माती नुसती ओली झाली आणि आभाळ भरून राहिलं. पानही हलत नव्हतं. सगळ्या नागपूरला ठाऊक आहे, की अशा दिवशी कूलर काही कामाचा नाही. हवाच ओली, तिच्यात आणखी ओल काय घालणार? खोलीत नुसतं चिकट, कोंदट झालं, चादरी अंगाला चिकटायला लागल्या. तापमापकाला मात्र यातलं काही कळत नाही. त्याच्या पेटीवर ढगाची सावली पडली आणि आकडा खाली आला.

आभाळ फाकेल या भरवशावर नवऱ्यानं सकाळी सकाळी चव्वेचाळीसच्या वर 'हो' घेऊन ठेवलं होतं. नवतपा म्हणून नेहमीपेक्षा जास्त घेतलं होतं. त्याचा चेहरा सकाळपासूनच त्या आभाळासारखा झाला. चहा टाकला तर "नको" म्हणाला, आणि गच्चीवर जाऊन बसला.

लेकीनं सकाळचं खाल्लं नाही. "डोकं लय दुखून राहिलं, आई," म्हणाली. अंगाला हात लावला तर कढत. मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं, लिंबूपाणी दिलं, ते तिनं ओकून टाकलं. दुपारी ती माझा हात घट्ट धरून म्हणाली, "आई, सकाळपासून पोटात हालचाल नाही वाटून राहिली मले."

मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, थोडं गोड पाजलं, पोटावर हात ठेवून बसले. कधी वाटायचं हललं, पण ते तिच्या श्वासाचं असायचं. मग मी उठले आणि गच्चीचा जिना चढले.

तो कठड्याला टेकून पश्चिमेकडे बघत उभा होता. एका हातात फोन, दुसरा हात कपाळावर आडवा धरलेला.

"अहो, ऑटो आणा. पोरीले दवाखान्यात न्यावं लागते."

"आज काहून?" त्यानं मान वळवली नाही. "आज तर थंडं आहे. चाळीसच्या वर सरकलं नाही अजून. काल पंचेचाळीस होतं तवा चांगली होती ना?"

"बाळ हलून नाही राहिलं म्हणते ती."

आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. एक क्षण मला वाटलं, हा निघाला. पण मग त्याची नजर पुन्हा माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली.

"झोपलं असन. पोराइले बी थंडं वाटलं तर झोपतात ते. जाऊ ना, मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण पाह्य तिकडं, फाकून राहिलं आभाळ. अर्धा तास जरी ऊन पडलं ना, तरी अजून..."

त्याचं वाक्य मी पुरं ऐकलं नाही. आयुष्यात मला त्याचा पुष्कळदा राग आला, पण असा कधी आला नव्हता. हात उचलला गेला असता. त्याला लेकीची काळजी नव्हती असं नाही, आणि हेच मला अजून सहन होत नाही. त्याला मनापासून वाटत होतं, की आजच्या दिवशी तिला काही होऊच शकत नाही. आकडा कमी होता ना! पंचेचाळीसला तो घाबरला असता, धावला असता, खांद्यावर घालून घेऊन गेला असता. चाळीसला नागपूरची पोर कशी काय आजारी पडेल?

"पडू द्या तुमचं ऊन," मी म्हटलं. "मी चालली."

शेजारणीनं ऑटो थांबवला. आम्ही दोघींनी मिळून लेकीला धरून आत बसवलं, तिच्या डोक्यावर ओला दुपट्टा टाकला. गल्ली सोडताना मी मागे वळून पाहिलं नाही. सोबत बसलेली शेजारीण पाहत होती. 

दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी पोटाला यंत्र लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला. अंगातलं पाणी कमी झालंय, ताप चढलाय, बाळाचे ठोके मंद पडलेत, थांबायला वेळ नाही, असं त्या भराभर सांगत गेल्या आणि नर्सेसना हाका मारत राहिल्या. कागद पुढे आला त्यावर मी सही केली. लेकीला ढकलत आत नेलं, तेव्हा ती माझ्याकडे नाही, दाराकडे बघत होती. कोणाला शोधत होती ते मला कळलं.

तो आला तेव्हा दार बंद झालेलं होतं. अंगावर घरातलाच बनियन आणि वर घाईनं चढवलेला शर्ट, गुंड्या खालीवर. डॉक्टरीण बाई बाहेर आल्या तसा तो त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मॅडम, असं कसं झालं?" तो म्हणाला. "आज तर एक्केचाळीसबी नाही झालं."

"कुठे?" बाईंनी विचारलं.

 त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. मुलगी झालीय, फार लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवावी लागेल, आईचंही आज काही सांगता येत नाही, एवढं बोलून त्या परत आत गेल्या.

विहीणबाई आणि जावई दुसऱ्या दिवशी आले. मी मनाची तयारी केली होती, की त्या बोलतील, ओरडतील, आणि मी खाली मान घालून ऐकून घेईन. त्या लेकीच्या केसांवरून हात फिरवत बसल्या. जाताना फक्त माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या खात्रीनं म्हणालात म्हणून पाठवली हो."  त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, निदान शिव्यांना उलट उत्तर तरी देता येतं.

लेक सावरली. नातही सावरली. आज ती नाशिकला भिंत धरून चालते आणि मी ते फोनवर बघते. उन्हाळ्यात त्या दोघी इकडे येत नाहीत. मीही बोलवत नाही, कोणत्या तोंडानं बोलवू? थंडीत आल्या होत्या, चार दिवस राहिल्या. लेक बापाशी नीट बोलते, औषध घेतलं का विचारते, पण 'आज काय लावलं' हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. आणि तो? काही महिने त्यानं त्या बाजाराचं नाव काढलं नाही. यंदा होळी झाली, ऊन चढायला लागलं, आणि एका दुपारी मी त्याला कूलरसमोर फोन घेऊन बसलेला पाहिला. मी आल्याचं कळताच त्यानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.  माझ्या दृष्टीनं बोलण्यासारखं सगळं त्या दवाखान्यात बोलून झालं होतं.

ते झालं नात पेटीत असताना. लहान बाळांच्या खोलीला बाहेरून एक खिडकी होती, काचेची, छातीइतक्या उंचीवर. तिच्यातून पेट्या दिसायच्या. नवरा सकाळी येऊन त्या खिडकीशी उभा राहायचा तो रात्री आम्ही ओढून नेईपर्यंत. ठेल्यावर गेला नाही, पेपर पाहिला नाही. फोन खिशात होता, पण तो बाहेर काढलेला मला दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. नुसता उभा असायचा. पेटीच्या वरच्या बाजूला बाळाच्या अंगाचं तापमान दाखवणारा लाल आकडा होता. नर्सनं त्याला सांगितलं होतं, की हा स्थिर राहिला की समजा बाळानं जीव धरला.

लेकीला उठायची परवानगी मिळाली त्या सकाळी मी तिला चाकाच्या खुर्चीत बसवून तिथवर आणलं. तिनं अजून बाळ पाहिलेलं नव्हतं. आत न्यायला नर्स यायची होती, आणि खिडकी उंच, टाके ओले, त्यामुळे तिला खुर्चीतून उठता येईना. तिला फक्त खिडकीची कड दिसत होती, आणि काचेला कपाळ टेकून उभा असलेला तिचा बाप.

"बाबा," ती म्हणाली. किती तरी दिवसांनी तिच्या आवाजात तो जुना लाड आला होता. "कशी आहे वो ती?"

तो वळलाही नाही. "छत्तीस पॉइंट पाच," तो म्हणाला. "मी आलो तवा पॉइंट दोन होतं. वाढून राहिलं."

लेक खालून त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून तो लाड निघून गेलेला मी पाहिला.

"ह्याच्यावरही लावलं का, बाबा?"

आता तो वळला.  हात कशाला तरी धरायला गेला आणि तसाच हवेत राहिला. तो आकडा तो काळजीपोटीच बघत होता, हे मला ठाऊक होतं. नर्स त्याला काय म्हणाली होती तेही मला ठाऊक होतं, आणि ते लेकीला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही.

मी त्याला बाजूला सारलं, त्याच्या जागेवर उभी राहिले आणि काचेतून नीट बघून घेतलं. मग लेकीच्या कानाशी वाकून म्हटलं, "केस लय आहेत वं तिले. अन् नाक तुझ्यावर गेलं."